शहर निवडून देणारी साधने : लहान मुले असलेल्या घराला कितपत उपयोगी?

नोकरीतील बदली, कामाची नवी संधी किंवा राहत्या शहरातील न परवडणारे भाडे, कारण कोणतेही असले तरी लहान मुले असलेले जोडपे नव्या शहराचा विचार करू लागले की सर्वांत आधी जागतिक क्रमवारीचे तक्ते आणि शहराशहरांच्या खर्चाची तुलना करणाऱ्या सेवा उघडल्या जातात. त्यांतील तीन प्रसिद्ध साधनांचे हे परीक्षण आहे : इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट या संशोधन संस्थेचा राहण्यायोग्य शहरांचा निर्देशांक, नंबिओ ही खर्चाची तुलना करणारी सेवा आणि पायी पोहोचता येणाऱ्या सोयींवरून पत्त्याला गुण देणारे वॉक स्कोअर. तिन्ही साधने आपापल्या कामापुरती चांगली आहेत. प्रश्न आहे तो ती कोणासाठी बनवली गेली हा, आणि तीन वर्षांचे मूल कडेवर घेऊन निघालेल्या आईवडिलांनी त्यांच्यातून काय घ्यावे हा. माझे मत आधीच सांगून टाकतो. या साधनांचा उपयोग शहरे गाळण्यासाठी करावा, निवडण्यासाठी करू नये. कारण कुटुंब प्रत्यक्षात राहते ते एका वस्तीत, आणि वस्तीची पारख करण्याचे काम यांपैकी एकही साधन पुरतेपणी करत नाही.

सर्वाधिक गाजावाजा होतो तो पहिल्या निर्देशांकाचा. त्यात 173 शहरांना 100 पैकी गुण दिले जातात. 2011 ते 2017 अशी सलग सात वर्षे मेलबर्न पहिले होते. त्यानंतर 2018 आणि 2019 मध्ये आणि पुढे 2022 ते 2024 या तीन वर्षांत व्हिएन्ना. 2025 मध्ये कोपनहेगन. बातम्यांतून आपल्यापर्यंत पोहोचतो तो एवढाच क्रम. गुण कसे दिले जातात हे पाहिले तर चित्र अधिक उलगडते. एकूण गुणांपैकी 25 टक्के स्थैर्याला, 20 टक्के आरोग्यसेवेला, 25 टक्के संस्कृती व पर्यावरणाला, 20 टक्के पायाभूत सुविधांना आणि फक्त 10 टक्के शिक्षणाला आहेत. त्या दहा टक्क्यांतही निकष तीनच : खासगी शिक्षणाची उपलब्धता, खासगी शिक्षणाचा दर्जा आणि सार्वजनिक शिक्षणाची स्थिती. म्हणजे ज्या घरातील मूल पुढची बारा वर्षे शाळेत जाणार आहे, त्याच्यासाठी सर्वांत मोलाची बाब येथे सर्वांत हलकी आहे, आणि तीही मुख्यतः खासगी शाळेची फी भरू शकणाऱ्यांच्या नजरेतून पाहिलेली आहे. संस्कृती व पर्यावरणाच्या गटात ‘तेथील हवामान प्रवाशांना किती त्रासदायक वाटेल’ असा एक निकष आहे. पाळणाघर, खेळाचे मैदान, बाळंतपणाची किंवा पालकत्वाची रजा यांना स्वतंत्र स्थान नाही. राहणीमानाचा खर्चही यात धरलेला नाही. त्यासाठी हीच संस्था वेगळी पाहणी करते.

यात संस्थेने काही लपवले आहे असे मुळीच नाही. कंपन्या आपली माणसे परदेशी पाठवतात तेव्हा गैरसोयीबद्दल किती जादा भत्ता द्यावा हे ठरवण्यासाठी या गुणांचा वापर होत आला आहे : 80 च्या वर गुण असतील तर भत्त्याची गरज नाही, 50 किंवा त्याखाली असतील तर पगाराच्या 20 टक्के द्यावेत, अशी त्याची पायरी आहे. हा हेतू एकदा ध्यानात आला की निकषांची निवड पूर्ण सुसंगत वाटते. कंपनीने घर पाहून दिलेला, मुलांच्या शाळेची फी कंपनीकडूनच घेणारा आणि दोन-तीन वर्षांनी परत जाणारा अधिकारी हा या निर्देशांकाचा मूळ वाचक आहे. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या जबाबदारीवर आणि बहुधा कायमचे जाणारे तरुण कुटुंब त्याच्या डोळ्यांसमोर नव्हते.

क्रमांक किती विश्वासाने घ्यावा यासाठी ऑकलंडचे उदाहरण पुरेसे आहे. 2021 मध्ये ते जगात पहिले होते आणि 2022 मध्ये 34 वे झाले. त्याच 2021 मध्ये व्हिएन्ना 12 व्या स्थानावर घसरले होते आणि पुढच्याच वर्षी पुन्हा पहिले आले. या वर्षभरात दोन्ही शहरांतील शाळा, बागा, दवाखाने आणि घरे जवळपास होती तशीच होती. बदलले होते ते साथीच्या काळातील निर्बंध. वीस वर्षांसाठी घर करायला निघालेल्याने एका वर्षाच्या क्रमांकावर भिस्त ठेवू नये हे यातून उघड दिसते. तरीही निर्देशांक टाकाऊ नाही. आरोग्यसेवा, पाणीपुरवठा, सार्वजनिक वाहतूक आणि गुन्हेगारी यांत एखादे शहर खूप खाली असेल, तर त्याचा इशारा येथे लवकर मिळतो. त्यासाठी एकूण गुण बाजूला ठेवून गटवार गुण पाहावेत. सविस्तर अहवाल विकत घ्यावा लागतो आणि तो कंपन्यांसाठी आहे. कुटुंबाने त्यावर खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही, विनामूल्य मिळणारा सारांश पुरतो.

नंबिओचे काम अगदी वेगळे आहे आणि सामान्य कुटुंबाला तीच सेवा अधिक कामाची आहे. म्लादेन अदामोविच यांनी 2009 मध्ये ती सुरू केली. किमती मुख्यतः लोकांनीच भरलेल्या असतात आणि न्यूयॉर्क शहराला 100 मानून इतर शहरांचे निर्देशांक काढले जातात. दूध, वीज, बसचा मासिक पास, इंटरनेट, घरभाडे आणि, मुलांच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, खासगी बालवाडीचा एका मुलामागचा महिन्याचा खर्च व आंतरराष्ट्रीय प्राथमिक शाळेची वर्षाची फी अशा ओळी प्रत्येक शहराच्या पानावर असतात. प्रत्येक सरासरीच्या शेजारी किमान-कमाल असा पल्ला दिलेला असतो, आणि माझ्या मते त्या पानावरचा सर्वांत उपयुक्त रकाना तोच आहे. बालवाडीची सरासरी पाहून हायसे वाटते, पण पल्ल्याचे वरचे टोक खालच्या टोकाच्या चौपट असेल तर सरासरीला काही अर्थ उरत नाही. घर ज्या भागात घेणार त्या भागातील बालवाडी या पल्ल्यात कोठे बसते तेवढेच कामाचे असते. पानावर आणखी एक नोंद असते : गेल्या बारा महिन्यांत किती जणांनी किती किमती भरल्या. मोठ्या महानगरांसाठी ही संख्या भक्कम असते, लहान शहरांसाठी कधी कधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मोठे महाग शहर सोडून शांत, लहान शहराकडे वळू पाहणाऱ्या कुटुंबांनी ही ओळ आधी वाचावी, मग किमती.

नंबिओच्या आकड्यांत दोन ठिकाणी विशेष सावध राहावे लागते. चार माणसांच्या कुटुंबाचा मासिक खर्च म्हणून जो ठळक आकडा दिसतो त्यात घरभाडे धरलेले नसते, आणि ‘कॉस्ट ऑफ लिव्हिंग’ निर्देशांकातही ते नसते. भाड्याचा निर्देशांक निराळा आहे आणि दोन्ही मिळून केलेला तिसरा आहे. दोन शहरांची तुलना करताना हा तिसराच घ्यावा, कारण तरुण कुटुंबाच्या खर्चात भाडे बहुतेक वेळा सर्वांत मोठे असते. दुसरे असे की घरांचे आकार दोनच दिलेले आहेत, एक शयनकक्ष किंवा तीन, आणि जागाही दोनच, शहराच्या केंद्रात किंवा केंद्राबाहेर. एका-दोन मुलांच्या घराला बहुधा हवे असते ते दोन शयनकक्षांचे घर, म्हणजे नेमके तेथे नसलेले. आणि ‘केंद्राबाहेर’ या एका शब्दात मेट्रोच्या दुसऱ्या स्थानकापासून ते तासाभराच्या अंतरावरील नव्या वसाहतीपर्यंत सगळे येते.

सुरक्षितता, आरोग्यसेवा आणि प्रदूषण यांचे नंबिओचे निर्देशांक किमतींसारखे वाचू नयेत. गुन्हेगारीचा निर्देशांक पोलिसांच्या नोंदींवरून काढलेला नसून प्रश्नावली भरणाऱ्यांना रात्री एकटे चालताना किती भीती वाटते, चोरीची किती काळजी वाटते अशा उत्तरांवरून काढलेला आहे, आणि सुरक्षिततेचा आकडा म्हणजे 100 मधून तो वजा करून उरलेला आकडा. लोकांच्या भावनेलाही किंमत असते, परंतु भावना आणि घटना या दोन गोष्टी आहेत. हवेच्या बाबतीत तर मोजलेले आकडे उपलब्ध असताना मत विचारात घेण्याची गरजच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये आपली मार्गदर्शक मर्यादा कडक केली : पीएम 2.5 या सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी दर घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी. आधी ती 10 होती. चोवीस तासांच्या सरासरीसाठी ती 15 आहे. शहराच्या मापनकेंद्रांचे महिन्यागणिक आकडे मिळवून त्यांतील सर्वांत वाईट महिना पाहावा, कारण वार्षिक सरासरी बरी असलेल्या शहरातही दोन-तीन महिने लहान मुलाला बाहेर खेळायला पाठवणे कठीण होऊ शकते, आणि दमा असलेल्या मुलाच्या घरी तेच दोन-तीन महिने वर्षाचा हिशेब ठरवतात.

पगाराचा मुद्दाही येथेच सांगितला पाहिजे. नंबिओचा क्रयशक्तीचा, म्हणजे पगारात किती खरेदी करता येते याचा, निर्देशांक शहरातील सरासरी पगारावर आधारलेला असतो, तर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबात पहिले काही महिने, कधी वर्षभर, एकच पगार असतो. एकाला नोकरी मिळालेली असते आणि दुसऱ्याला शोधायची असते. आणि दुसरी व्यक्ती डॉक्टर, परिचारिका, शिक्षक किंवा वकील असेल तर नव्या देशात, काही देशांत तर नव्या राज्यातही, परवाना किंवा नोंदणी पुन्हा करावी लागते. त्या काळात पाळणाघराचे पैसे भरायचे की एकाने घरी राहायचे, हा निर्णय कोणत्याही निर्देशांकाच्या बाहेरचा आहे आणि बहुतेक वेळा तो आईच्या कामावर बेततो. म्हणून एका पगारावर वर्षभर निभेल का, एवढे एकच गणित नंबिओच्या आकड्यांवरून नीट मांडले तरी त्या सेवेचे काम झाले असे मी मानतो.

वॉक स्कोअर 2007 मध्ये सिएटलमध्ये सुरू झाले आणि 2014 मध्ये रेडफिन या घरखरेदीच्या कंपनीने ते विकत घेतले. त्याचा भर मुख्यतः उत्तर अमेरिकेवर असल्याने अनेकांना ते थेट वापरता येणार नाही. पण त्यामागची रीत कोठेही हाताने वापरण्याजोगी आहे. पत्ता दिला की दुकान, शाळा, बाग अशा सोयी किती अंतरावर आहेत ते पाहून 0 ते 100 गुण मिळतात. पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे 400 मीटरच्या किंवा पाच मिनिटे चालण्याच्या अंतराच्या आतील सोयीला पूर्ण गुण, पुढे ते घटत जातात आणि तीस मिनिटांपलीकडील सोयीला काहीच नाही. शहराऐवजी पत्त्याला गुण देते ही या सेवेची खरी जमेची बाजू. तिच्या हिशेबातील पाच मिनिटे मात्र मोठ्या माणसाची आहेत. बर्नार्ड व्हान लीअर प्रतिष्ठानच्या ‘अर्बन 95’ या उपक्रमाने शहर 95 सेंटिमीटर उंचीवरून पाहायला सांगितले, कारण तीन वर्षांच्या निरोगी मुलाची उंची सुमारे तेवढी असते. त्या उंचीवरून उभ्या केलेल्या मोटारींपलीकडचा रस्ता दिसत नाही आणि चालकालाही मूल दिसत नाही. फूटपाथ चौकात उताराने खाली येतो की वीतभर उंचीवरून बाबागाडी उचलून उतरवावी लागते, पादचाऱ्यांचा हिरवा दिवा मुलाचा हात धरून पलीकडे पोहोचेपर्यंत टिकतो का, स्थानकातील लिफ्ट चालू आहे का, यांची उत्तरे गुणांत सापडत नाहीत. ती रस्त्यावर उभे राहूनच मिळतात.

वस्तीवर मी इतका जोर देतो त्यामागे भक्कम संशोधन आहे. अमेरिकेत 1994 पासून ‘मूव्हिंग टू ऑपॉर्च्युनिटी’ नावाचा प्रयोग बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत झाला. गरीब वस्त्यांतील सुमारे 4,600 कुटुंबांपैकी काहींना, सोडत काढून, कमी गरिबी असलेल्या वस्तीत जाण्यासाठी भाड्याची मदत देण्यात आली. राज चेट्टी, नॅथॅनियल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की ज्या मुलांनी 13 वर्षांची होण्याआधी अशी वस्ती बदलली, त्यांचे विशी-पंचविशीतील उत्पन्न सुमारे 31 टक्क्यांनी अधिक होते. तेराव्या वर्षानंतर गेलेल्यांना लाभ झाला नाही, उलट थोडे नुकसानच दिसले. सोडतीत कोणाचे नाव येणार हे नशिबावर असल्याने हा फरक पालकांच्या हुशारीचा किंवा धडाडीचा म्हणता येत नाही. शहर बहुतेकांचे तेच राहिले होते, बदलला होता तो परिसर, आणि तेवढ्याने मुलाच्या आयुष्याला वेगळी दिशा मिळाली. हा अभ्यास गरीब वस्त्यांतील कुटुंबांचा आहे, त्यामुळे त्याची टक्केवारी सरसकट सर्वांना लावता येणार नाही. परंतु वस्तीचा परिणाम मूल लहान असताना अधिक होतो आणि त्या वस्तीत गेलेले प्रत्येक वर्ष मोलाचे असते, हा त्यातील गाभा प्रत्येक तरुण कुटुंबाने मनावर घ्यावा असा आहे. याच संशोधनातून 2018 मध्ये ‘ऑपॉर्च्युनिटी अ‍ॅटलस’ हा नकाशा सर्वांसाठी खुला झाला. सरासरी चार हजार लोकवस्तीच्या लहान भागापर्यंत तो उतरतो आणि तेथे वाढलेल्या मुलांचे पुढे काय झाले ते दाखवतो. असा नकाशा फक्त अमेरिकेपुरता आहे ही मोठी उणीव आहे. तो प्रत्येक देशाने करायला हवा असे मला कळकळीने वाटते.

वस्ती निवडताना मोठे घर लांब की लहान घर जवळ हा पेच हमखास पडतो. आलोइस श्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय यांनी जर्मनीतील माहितीवरून 2008 मध्ये दाखवले की कामावर जाण्या-येण्यात अधिक वेळ घालवणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. स्वस्त भाडे किंवा जादा पगार त्या वेळेची भरपाई करत नाही. लहान मूल असेल तर प्रश्न समाधानापुरता राहत नाही, कारण पाळणाघर ठरलेल्या वेळी बंद होते. दोघांची कार्यालये, पाळणाघर आणि घर या चार ठिकाणांमधील प्रवास संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी मोजावा, आणि गाडी चुकली तर पर्यायी कोण पोहोचू शकते तेही ठरवावे. हे गणित जेथे जमत नाही ती जागा कितीही हवेशीर असली तरी सोडून द्यावी.

सर्व साधनांतून सुटलेली आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब म्हणजे नव्याने आलेल्याचे स्थान. क्रमवारी जे शहर दाखवते ते तेथे आधीपासून मुरलेल्यांचे असते. व्हिएन्नातील जवळपास निम्मे लोक महापालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात आणि त्या शहराच्या लौकिकात या स्वस्त, चांगल्या घरांचा मोठा वाटा आहे. पण महापालिकेच्या घरासाठी अर्ज करायला आधी काही काळ तेथील रहिवासी म्हणून नोंद असावी लागते, म्हणजे नवागताला सुरुवात खुल्या बाजारातील भाड्यानेच करावी लागते. त्याच शहरात 2009 पासून महापालिकेच्या बालवाड्या विनाशुल्क आहेत. जर्मनीत 1 ऑगस्ट 2013 पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. हक्क असणे आणि घराजवळ, हव्या त्या महिन्यात जागा मिळणे यांत मात्र प्रतीक्षायादी उभी असते, आणि त्या यादीत नवे कुटुंब शेवटी असते. शाळांचेही तसेच. अनेक ठिकाणी प्रवेश राहत्या पत्त्यावरून ठरतो, जन्मतारखेची सीमा शहरागणिक किंवा देशागणिक वेगळी असते आणि त्यामुळे चालू इयत्तेतील मूल एक वर्ष मागे किंवा पुढे टाकले जाऊ शकते. नव्या बाळांची नोंद घेणारा बालरोगतज्ज्ञ परिसरात आहे का, हाही असाच प्रश्न आहे; शहरात डॉक्टर भरपूर असले तरी ते नवे रुग्ण घेत असतीलच असे नाही.

म्हणून या साधनांवर घालवायचा वेळ मर्यादित ठेवावा. इकॉनॉमिस्टच्या निर्देशांकाचे गटवार गुण पाहून नकोशी शहरे वगळावीत, नंबिओवरून एका पगाराचे गणित मांडून न परवडणारी वगळावीत, आणि उरलेल्या दोन-तीन शहरांत दोघांच्या कामाच्या ठिकाणांपासून अर्ध्या तासाच्या अंतरातील वस्त्या नकाशावर आखाव्यात. शहर पाहायला जायचे तर सुटीच्या, उत्सवाच्या दिवसांत जाऊ नये. तेथील सर्वांत त्रासाच्या ऋतूत, कामाच्या वारी, शाळा सुटण्याच्या वेळी त्या वस्तीत जावे. पहिले घर भाड्याने घ्यायचे असेल तरी ते पुढे ज्या शाळेत मूल घालायचे तिच्याच परिसरात घ्यावे, म्हणजे कायमच्या घरात जाताना मुलाची शाळा आणि मित्र पुन्हा बदलावे लागणार नाहीत. आणि भाडेकरारावर सही करण्याआधी त्या वस्तीतील पाळणाघरांना फोन करून मुलाचे वय व येण्याचा महिना सांगून जागा आहे का ते विचारावे. जेथे ठाम उत्तर मिळत नाही, तेथे मोठ्यांपैकी एकाने किती महिने घरी राहायचे आणि ते परवडणार का, हे ठरल्याखेरीज सामान बांधायला घेऊ नये.